विदर्भाचा अनुशेष मोजला, पांढराबोडीचा कधी मोजणार?

नागपूरकराला शहराची वाटणी सांगायला नकाशा लागत नाही, रेल्वेलाइन पुरते. लाइनच्या पश्चिमेला बर्डी, सिव्हिल लाइन्स, धरमपेठ, रामदासपेठ. पूर्वेला महाल, इतवारी, मोमिनपुरा आणि पुढं थेट पारडी-भांडेवाडीपर्यंत. उत्तरेला इंदोरा, जरीपटका, कामठी रोड. ‘कुठं राहता जी?’ या साध्या प्रश्नाला उत्तर दिलं की ऐकणारा तुमचं आडनाव, पगार आणि पुष्कळदा मतसुद्धा मनातल्या मनात ठरवून मोकळा होतो. त्याचा अंदाज सहसा चुकतही नाही. अख्ख्या शहराला तोंडपाठ असलेली ही गोष्ट महापालिकेच्या कागदांवर मात्र शोधून सापडत नाही. तिथं दहा झोन आहेत, अडतीस प्रभाग आहेत आणि प्रत्येकाची एक सरासरी आहे.

गंमत अशी की सरासरीशी भांडायचं कसं, हे विदर्भाइतकं महाराष्ट्रात कुणाला येत नसेल. विदर्भ महाराष्ट्रात येण्याआधी झालेला १९५३ चा नागपूर करार आम्ही घरात लावलेल्या तसबिरीसारखा जपतो. १९८३ मध्ये वि. म. दांडेकर समिती नेमली गेली आणि पुढच्याच वर्षी तिनं हिशेब मांडला: राज्याची सरासरी अमुक, जिल्ह्याची स्थिती तमुक, मधला फरक म्हणजे अनुशेष. रस्ते, सिंचन, शाळा, सगळं त्या एका वजाबाकीत बसवलं. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ आलं, तेही त्याच वजाबाकीच्या जोरावर. राज्य म्हणून महाराष्ट्र पुढं असेल, पण त्या पुढारलेपणात आमचा जिल्हा कुठं आहे ते दाखवा, हा युक्तिवाद आम्ही चाळीस वर्षं केला आणि तो खराच होता.

तोच युक्तिवाद एक पायरी खाली आणायला काय हरकत आहे? शहर म्हणून नागपूर पुढं आहे, बरं. पण त्यात यशोधरानगर कुठं आहे, पांढराबोडी कुठं आहे, भांडेवाडी कुठं आहे? मुंबईकडे बोट दाखवून जो हिशेब मागितला, तो मनपानं आपल्या वस्त्यांना द्यायला हवा. माझं म्हणणं एवढंच आहे: नागपुरात अनुशेष वस्तीवार मोजला गेला पाहिजे, जाहीर झाला पाहिजे आणि अंदाजपत्रक त्यावर बेतलं गेलं पाहिजे. झोनच्या आणि प्रभागाच्या सरासरीवर चाललेला कारभार विषमता कमी तर करत नाहीच, ती झाकून ठेवतो.

ही वाटणी आपोआप झालेली नाही. भोसल्यांचं शहर जुम्मा तलावाच्या पूर्वेला होतं आणि तिथं वस्ती धंद्याप्रमाणे, म्हणजे जातीप्रमाणे बसलेली होती. मोमिनपुरा विणकरांचा, चितारओळ मूर्तिकारांची, भालदारपुरा, तेलीपुरा, कुंभारपुरा. पत्ता सांगितला की जात सांगून झाली. १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली आणि इंग्रजांचं ठाणं टेकडीवर पक्कं झालं. १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले, संस्थान खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांताची राजधानी इथं आली आणि साहेबांचे बंगले टेकडीच्या पश्चिमेला, मोकळ्या हवेत उभे राहिले. १८६७ मध्ये आगगाडी आली तेव्हा तिचे रूळ या दोन शहरांच्या मधोमध पडले. आजही पूर्वेकडून पश्चिमेला यायचं तर लोहापूल, आनंद टॉकीजचा भुयारी रस्ता, रामझुला अशा मोजक्याच वाटा आहेत. कचेरीच्या वेळेला त्यांतल्या कुठल्याही वाटेवर अडकलेल्या माणसाला हे शहर दोन भागांत आहे हे समाजशास्त्रज्ञानं सांगावं लागत नाही.

पुढं १९३६ च्या कायद्यानं नागपूर सुधार प्रन्यास आला. नासुप्रनं आखीव ले-आउट पाडले, बागा राखल्या, रुंद रस्ते दिले. पश्चिम आणि दक्षिण-पश्चिम नागपूरचं आजचं देखणेपण बरंचसं त्या आखणीतून आलंय, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण आखीव प्लॉट ज्याला परवडला तो आत आला, ज्याला परवडला नाही तो नाल्याच्या काठाला, तलावाच्या पाळीला, रेल्वेच्या कुंपणाला लागून बसला.

त्यात निसर्गानं एक गोष्ट भर घातली, ती म्हणजे उतार. नागपूरची जमीन पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरते. नाग नदी अंबाझरीकडून शहरात शिरते, बर्डी, महाल, अशोक चौक, नंदनवन करत पारडीकडे जाते. वाटेत तिला मिळणारं प्रत्येक मोरीचं पाणी पूर्वेला पोचतं. धरमपेठेत जी नदी भिंतीआडचा नाला आहे, ती पुढं जाता जाता अख्ख्या शहराचं सांडपाणी घेऊन पूर्वेच्या दारात उभी राहते. पाणी उतारानं गेलं, त्याला इलाज नव्हता असं म्हणता येईल. शहरभरचा घनकचरासुद्धा पूर्वेलाच भांडेवाडीला जाऊन पडतो, तो काही उतारानं वाहत गेलेला नाही. ती जागा माणसांनी निवडली. वर्षानुवर्षं तिथल्या ढिगाला उन्हाळ्यात आगी लागतात, धूर आजूबाजूच्या घरांत शिरतो, बातमी येते, अधिकारी पाहणी करतात. लक्ष्मीनगर झोनचा स्वच्छतेचा आकडा चांगला यायचा तर तिथला कचरा कुठंतरी जायलाच हवा. तो कुणाच्या आकड्यात मोजायचा हा प्रश्न कुणी विचारत नाही.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे उलटं घडलं. अतिवृष्टीनं अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी असल्या सुखवस्तू भागांत घराघरांत पाणी शिरलं. मोरभवनचा बसथांबा पाण्यात गेला. माणसं दगावली. मग तलावाची भिंत, सांडव्यासमोरची बांधकामं, नदीपात्राची रुंदी यावर चर्चा झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. हे व्हायलाच हवं होतं. त्या रात्री ज्यांचं घर बुडालं त्यांच्याविषयी कुणी तिरकं बोलू नये. पण नदीकाठच्या पूर्वेकडच्या वस्त्यांत पावसाळ्यात घरात पाणी शिरणं ही बातमी उरलेलीच नाही, कारण ते नेहमीचं आहे. एका ठिकाणचा पूर आपत्ती ठरतो, दुसऱ्या ठिकाणचा पत्ता.

आता मोजमापाकडे येतो, कारण खरी गोम तिथं आहे.

वस्त्यांची विभागणी मोजायचं सगळ्यात प्रसिद्ध साधन म्हणजे विषमता निर्देशांक. ओटिस डडली डंकन आणि बेव्हर्ली डंकन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ दांपत्यानं १९५५ मध्ये तो रूढ केला. कल्पना सोपी आहे. एखादा समाज शहरात जितक्या प्रमाणात आहे तितक्याच प्रमाणात प्रत्येक भागात असेल तर निर्देशांक शून्य. तो समाज पूर्णपणे वेगळ्या भागांत राहत असेल तर एक. मधला आकडा सांगतो की सगळीकडे सारखं प्रमाण यायचं तर त्या समाजातल्या साधारण किती हिश्श्याला घर बदलावं लागेल. ०.६ आला तर शंभरातल्या साठांना.

या साधनाची अडचण अशी की ‘भाग’ म्हणजे काय, हे त्याला आधी सांगावं लागतं. समजा, शहरात एका समाजाचं प्रमाण सहात एक आहे आणि प्रत्येक प्रभागातही नेमकं सहात एकच आहे. प्रभागवार निर्देशांक काढला तर शून्य येईल. शहर एकदम आदर्श! आता प्रत्यक्ष त्या प्रभागात उतरा. रस्त्याच्या अलीकडे फक्त त्याच समाजाची वस्ती, पलीकडे त्यांचं एकही घर नाही, आणि हीच गत सगळ्या प्रभागांत. गल्लीच्या पातळीवर निर्देशांक काढला तर एक येईल. माणसं तीच, घरं तीच, फक्त रेघ कुठं मारली यावर शून्याचा एक झाला. भूगोलाच्या अभ्यासकांना हा घोळ नव्वद वर्षांपासून माहीत आहे. तो माहीत नसल्यासारखं वागण्याची सोय मात्र प्रशासनाला फार आवडते.

नागपुरात ही रेघ किती जाड आहे बघा. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २४,०५,६६५ होती. २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग अडतीस होते, म्हणजे एका प्रभागात सरासरी त्रेसष्ट हजार माणसं. विदर्भात त्याहून लहान तालुक्याची गावं आहेत. उलट जनगणनेचा प्रगणक ज्या गटात घरोघर फिरतो तो प्रगणन गट साधारण सहा-सातशे माणसांचा असतो. म्हणजे वस्तीची खरी माहिती देशाकडे आहे; ती गोळा होते, बेरजेत मिसळते आणि मग प्रसिद्ध होते. प्रभागाच्या पातळीवर अनुसूचित जाती-जमातींची संख्या, साक्षरता, काम करणारे किती असं काही मिळतं. धर्माचे आकडे शहराच्या पातळीवर येऊन थांबतात: बौद्ध १५.५७ टक्के, मुस्लिम ११.९५ टक्के. हे बौद्ध कुठं राहतात, मुस्लिम कुठं राहतात, त्यांच्या नळाला पाणी किती वाजता येतं, यावर कागद गप्प. इतर मागासवर्गीयांची तर गणतीच झाली नाही, म्हणजे कोष्टी, तेली, कुणबी वस्त्या या नकाशावर नाहीतच. (हलबा-कोष्टींना कुठल्या रकान्यात मोजायचं यावरच दशकानुदशकं कोर्टकचेऱ्या झाल्या, नागपुरात रकानासुद्धा साधा नसतो.)

प्रभागाच्या आत काय दडलेलं असतं, याचा अभ्यास भारतात झालेला आहे. कर्नाटकातल्या शहरांची गटवार आकडेवारी मिळवून नवीन भारती, दीपक मलघन आणि अंदलीब रहमान यांनी दाखवलं की प्रभागाच्या सरासरीत जातीय विभागणीचा मोठा भाग गायब होतो. सॅम ॲशर, पॉल नोवोसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातल्या सुमारे १५ लाख वस्त्या तपासल्या. त्यांच्या हिशेबात शहरी मुस्लिमांपैकी २६ टक्के लोक अशा वस्त्यांत राहतात जिथं ८० टक्क्यांहून जास्त शेजारी मुस्लिमच आहेत. अनुसूचित जातींसाठी हे प्रमाण १७ टक्के. आणि महत्त्वाचं हे की अशा वस्त्यांत सरकारी शाळा-दवाखान्यांसारख्या सोयी कमी निघाल्या, पण हा फरक जिल्ह्याच्या किंवा शहराच्या एकूण आकड्यात दिसत नव्हता, वस्ती-वस्तीची तुलना केल्यावरच दिसला. म्हणजे वरून निधी बरोबर निघतो, खाली झिरपताना कुठल्या गल्लीत वळायचं हे कुणीतरी ठरवतं.

धरमपेठ झोनचंच उदाहरण घ्या. शहरातला सगळ्यात नावाजलेला भाग. याच झोनमध्ये पांढराबोडी आहे, सुदामनगरी आहे, मरारटोळी आहे. हिलटॉप, रामनगरच्या बंगल्यांपासून चालत काही मिनिटांवर. तिथल्या बायका त्या बंगल्यांतली धुणीभांडी करतात, पुरुष त्याच चौकांत ऑटो लावतात. झोनची सरासरी काढली की बंगल्याचा संगमरवर आणि वस्तीचा टिनाचा पत्रा एकमेकांत मिसळून छानसा मध्यमवर्गीय आकडा तयार होतो, जो त्या झोनमध्ये कुणाचाच नसतो. चोवीस तास पाण्याचा प्रयोग शहरात पहिल्यांदा धरमपेठ झोनमध्येच झाला, आणि पुढं २०१२ च्या सुमारास पंचवीस वर्षांच्या करारानं तो सगळ्या शहरावर नेण्याचं ठरलं. प्रयोगाला जागा कुठली निवडली, यावर तेव्हा फार कुणी बोललं नाही. जिथं जोडण्या नीट, बिल भरणारे ग्राहक जास्त, तिथं प्रयोग यशस्वी होणारच. दुसरीकडे पाणीपुरवठ्याच्या भाषेत ‘नॉन-नेटवर्क’ म्हणतात तसे, म्हणजे जलवाहिनी न पोचलेले भाग उन्हाळा आला की टँकरची वाट बघतात.

पण पश्चिमेची विषमता आणि उत्तर-पूर्वेची विषमता एकसारखी नाही, आणि इथं एक दुसरं माप कामाला येतं. पॅट्रिक मोरान या संख्याशास्त्रज्ञानं १९५० मध्ये सुचवलेलं माप सांगतं की एखाद्या ठिकाणचा आकडा शेजारच्या आकड्याशी किती जुळतो. गरीब वस्तीच्या शेजारी गरीबच वस्ती आहे की श्रीमंत? पश्चिमेला वस्त्या ठिपक्यांसारख्या विखुरल्यात. पांढराबोडीच्या चारी बाजूंना पैसेवाले आहेत. उत्तर आणि पूर्वेला त्या सलग आहेत. यशोधरानगरच्या पुढं वांजरा, कळमन्याच्या पुढं भरतवाडा. डंकन दांपत्याचा निर्देशांक या दोघांत फरक करत नाही, राहणाऱ्याला तो रोज कळतो. पांढराबोडीच्या माणसाला काम चालत जाण्याच्या अंतरावर मिळतं, पण त्याच्या डोक्यावर पट्टा नसल्याची टांगती तलवार सतत असते, कारण त्याच्या पायाखालची जमीन सोन्याच्या भावाची आहे. सलग वस्तीतल्या माणसाला जमिनीची भीती तुलनेनं कमी, पण दवाखाना, कॉलेज, नोकरी सगळंच लांब. पहिल्याला मालकी हक्काचा पट्टा हवा, दुसऱ्याला बस हवी. दोघांनाही ‘झोपडपट्टी सुधार’ या एकाच शीर्षाखाली सिमेंटचा रस्ता मिळतो.

एकाच ठिकाणी एकवटणं म्हणजे वाईटच, असंही मी मानत नाही. उत्तर नागपूरकडे बघा. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षेसाठी नागपूर निवडलं ते इथं आधीपासून उभ्या असलेल्या चळवळीच्या बळावर, आणि त्या बळाचं मनुष्यबळ इंदोरा, पाचपावली, बेझनबाग या दाट वस्त्यांत होतं. विहार, वाचनालयं, वसतिगृहं, संघटना, आमदारकी. विखुरलेला समाज यातलं काहीच उभं करू शकला नसता. जरीपटक्यात फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनीही एकत्र राहूनच बाजारपेठ उभी केली. तेव्हा लोकांना जबरदस्तीनं मिसळवा, असा माझा आग्रह मुळीच नाही. कुणी कुणाशेजारी राहावं हे मनपानं ठरवू नये. पण आपल्या माणसांत राहायची किंमत म्हणून कोरडा नळ सोसावा लागत असेल, तर ती निवड उरत नाही. आणि ज्याला बाहेर पडायचंय त्याला दारं उघडी आहेत का, हेही विचारावं लागेल. बजाजनगर-प्रतापनगरकडे भाड्यानं खोली शोधणाऱ्या पोराला आधी ‘आडनाव काय?’ आणि मग ‘नॉनव्हेज चालतं का?’ असं विचारलं जातं, हे नागपुरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुठल्याही निर्देशांकात बसत नाही.

निर्देशांकात न बसणारी आणखी एक जमात म्हणजे ५७२ आणि १९०० ले-आउटवाले (अनधिकृत ले-आउटच्या संख्येवरून पडलेली ही नावं). शेतजमीन विकत घेऊन तिचे तुकडे पाडून विकणाऱ्या सोसायट्यांकडून ज्यांनी आयुष्याची पुंजी देऊन प्लॉट घेतला, ते हे लोक. जातीनं सगळे, उत्पन्नानं मधले. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं त्यांना नियमित होण्याची वाट दिली, २०२१ मध्ये मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना वाढवून मिळाली. डिमांड (नियमित होण्याचं शुल्क) भरा, आरएल (नियमित झाल्याचं पत्र) घ्या. डिमांड भरून वर्षं उलटली तरी गडरलाइन (सांडपाण्याची वाहिनी) आली नाही, अशी तक्रार करणारी घरं शहराच्या कुठल्याही कडेला भेटतात. ही झोपडपट्टी नाही, म्हणून झोपडपट्टीच्या योजनेत नाही. आखीव वसाहत नाही, म्हणून नगररचनेच्या नजरेत नाही. २०११ मध्ये झोपडपट्टीत राहणारे म्हणून ८,५९,४८७ लोक मोजले गेले, शहराच्या जवळपास ३६ टक्के. आखीव शहर आणि ही झोपडपट्टी यांच्या मध्ये अडकलेल्या ले-आउटवाल्यांचा मात्र असा स्वतंत्र आकडाच नाही.

पूर्व-उत्तरेला काहीच मिळालं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. स्मार्ट सिटीसाठी निवडलेला भाग पारडी-भरतवाडा-पुनापूरचाच होता. कामठी रोडवर दुमजली उड्डाणपूल झाला. मेट्रो ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत आणि प्रजापतीनगरपर्यंत गेली. पण क्रम बघा. खापरीकडची लाइन मार्च २०१९ मध्ये सुरू झाली, लोकमान्यनगरची जानेवारी २०२० मध्ये. उत्तर आणि पूर्वेच्या दोन्ही टोकांना गाडी पोचली ती ११ डिसेंबर २०२२ ला. रेल्वेरुळांवरून पूल टाकायचा होता, दुमजली काम होतं, कारणं तांत्रिक होती हे मान्य. तरी तांत्रिक कारणं दरवेळी त्याच दिशेला कशी निघतात, याचं मला कुतूहल आहे. आणि उड्डाणपुलाविषयी एवढंच की तो वस्तीवरून जातो. वस्तीत उतरत नाही.

मेट्रोच्या तिकिटापेक्षा मोठा प्रश्न कामाचा आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली आणि तिच्याभोवती, गोळीबार चौकापासून तांडापेठेपर्यंत, विणकर आणि गिरणी कामगारांचं शहर उभं राहिलं. मिल २००२ मध्ये बंद झाली, त्या जागी मॉल आला. नवं काम हिंगणा, मिहान, बुटीबोरीकडे गेलं, म्हणजे पश्चिम आणि दक्षिणेला. घर उत्तरेत, काम शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. ज्याच्याकडे दुचाकी आहे तो जातो. बाईमाणूस, आणि त्यातही लहान लेकरू असलेली, दोन बस बदलून पाळीला वेळेवर पोचू शकत नाही. ती जवळचंच कमी पैशाचं काम धरते. ‘आपली बस’चे मार्ग आखताना कुठल्या गटातून किती लोक कुठं कामाला जातात, हा तक्ता समोर नसेल तर बस तिथंच फिरत राहील जिथं ती आधीपासून फिरतेय.

इथवर वाचून कुणी विचारेल: वस्तीवार धर्म आणि जातीचा नकाशा बाजारात आणायचा म्हणताय, तो कुणाच्या हाती लागेल याचा विचार केलाय का? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण १७ मार्च २०२५ ची रात्र फार जुनी नाही. महाल आणि हंसापुरीत दंगल झाली, मग संचारबंदी लागली. कोतवाली, गणेशपेठ, तहसील, लकडगंज, पाचपावली, शांतीनगर, सक्करदरा, नंदनवन, इमामवाडा, यशोधरानगर, कपिलनगर: या ठाण्यांची यादी नकाशावर मांडून बघा. धरमपेठेत त्या दिवसांत कॉफीची दुकानं उघडी होती. दंगेखोराला जनगणनेचा तक्ता लागत नाही, त्याला गल्ल्या माहीत असतात, हे खरं. तरीही घरापर्यंत पोचणारी माहिती खुली करणं मला धोक्याचं वाटतं. म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवीन. सोयींची माहिती, म्हणजे पाणी, गडर, पक्की नाली, पथदिवे, अंगणवाडी, बसथांबा, ही प्रगणन गटाच्या पातळीवर पूर्ण उघडी करावी. नाली नाही हे जाहीर झाल्यानं कुणावर हल्ला होत नाही. जात-धर्माचे आकडे आठ-दहा गट एकत्र करून द्यावेत आणि त्याहून बारीक माहिती फक्त अभ्यासकांना, अटी घालून. सोयी आणि समाज यांचा संबंध एवढ्यावर तपासता येतो.

ही मागणी आत्ताच करण्याचं कारण आहे. ३० एप्रिल २०२५ ला केंद्रानं जनगणनेत जातगणना करायचं ठरवलं आणि मोजणीची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. १९३१ नंतर पहिल्यांदाच जनगणनेत सगळ्या जाती मोजल्या जाणार आहेत. सगळी चर्चा एकूण टक्केवारीवर चाललीय, कुणाचा किती वाटा, आरक्षण किती वाढणार. टक्केवारी महत्त्वाची आहेच. पण शहरात राहणाऱ्याच्या रोजच्या जगण्यासाठी एकूण टक्क्यापेक्षा ‘कुठं’ हा प्रश्न जास्त कामाचा आहे आणि तो कुणी मागत नाही.

मनपाला काही फार अवघड करायचं नाहीये. अंदाजपत्रकासोबत एक तक्ता: प्रत्येक सोयीची शहराची सरासरी, त्यासमोर प्रत्येक वस्ती, आणि मधली वजाबाकी. दांडेकरांची पद्धत, माप लहान. सरासरीपासून सगळ्यात दूर असलेल्या वस्त्यांना नव्या कामांत पहिला हक्क. त्या कुठल्याही प्रभागात असोत, धरमपेठेत असल्या तरी. आणि कचऱ्याचा प्रकल्प, सांडपाण्याचं केंद्र असलं काही नव्यानं आणायचं झालं तर जिथं असं ओझं आधीच आहे ती जागा यादीत शेवटी. माणसं नाहीत, तंत्र नाही ही सबब नागपुरात चालणार नाही. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र इथंच आहे, व्हीएनआयटीत वास्तुशास्त्र आणि नियोजनाचा विभाग आहे, देशाच्या मातीचा नकाशा काढणारी संस्था अमरावती रोडवर आहे. राज्यातल्या शेताशेताचे नकाशे जे शहर काढतं त्याला आपल्या नाल्या मोजता येऊ नयेत?

अशी यादी निघाली की जो तो नगरसेवक आपली वस्ती मागास दाखवायला धडपडेल, असं म्हणणारे भेटतील. धडपडू द्या. खोटं सांगायचं तरी आकडा सांगावा लागेल, आणि आकडा शेजारच्या वस्तीतला कुणीही तपासू शकेल. आज तो तपासायची सोयच नाही. आज ज्याचा आवाज मोठा त्याच्या गल्लीत डांबर.

घरयादीच्या फेरीत प्रगणक पिण्याचं पाणी कुठून येतं, ते घरात आहे की लांब, शौचालय कसलं, सांडपाणी कुठं जातं, असं विचारतात. ही उत्तरं नागपुरातल्या प्रत्येक घरातून घेतली जाणार आहेत. ती प्रभागाच्या बेरजेत विरघळण्याआधी गटवार मिळावीत, असा ठराव करून तो महानिबंधक आणि जनगणना आयुक्तांकडे पाठवायला महापालिकेच्या सभागृहाला एक बैठक पुरते. टाऊन हॉलमध्ये तो विषय पत्रिकेवर आणायला अडतीसपैकी कुठल्याही एका प्रभागाचा नगरसेवक चालेल.